नावाचे बारा व्होल्ट

छत्रपती संभाजीनगरहून बीडमार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, पैठण तालुक्यात वसलेले पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. परंतु त्या परिसरातील शेतात आणि घरात आता आणखी एक वस्तू इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही, आणि ती म्हणजे ‘बारा व्होल्टची बॅटरी’. कपाशी-तुरीवर फवारणी करणारा पाठीवरचा पंप तिच्यावर चालतो, रानडुकरे आणि रोही आवरण्यासाठी बांधाभोवती लावलेले झटका मशीन तिच्यावर चालते, वीज गेल्यावर इंटरनेटचा राउटर आणि गोठ्यावरचा कॅमेरा तिच्यावर तग धरतात, आणि या सर्वांना उन्हातून वीज देणाऱ्या लहान सौर पॅनेलच्या पाठीवरही ‘बारा व्होल्ट’ असेच छापलेले असते. एकाच नावाच्या या वस्तू एकमेकींना सरळ जोडल्या की काम झाले, अशी समजूत त्यामुळे सहज तयार होते. प्रत्यक्षात यांपैकी कोणतीही वस्तू सतत बारा व्होल्ट देत नाही. पूर्ण भरलेली जुन्या पद्धतीची शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि काम करता करता १०.५ पर्यंत उतरते. तीन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडून केलेला पॅक १२.६ व्होल्टपासून निघून ९ व्होल्टपर्यंत येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या चार सेलांचा पॅक १४.६ आणि १० यांच्या दरम्यान वावरतो. आणि ‘बारा व्होल्ट’चे पॅनेल काम करताना १७-१८ व्होल्टच्या आसपास असते, तर काहीही न जोडता भर उन्हात ठेवले तर २१-२२ व्होल्टवर जाते. बारा व्होल्ट हे या मंडळींचे आडनाव आहे. आडनाव एक असले तरी स्वभाव एक असतो असे नाही.

हा फरक कोठून येतो, हे समजण्यासाठी पॅकच्या आत असलेल्या सेलकडे, म्हणजे एकेका विद्युत घटाकडे, वळावे लागते. विद्युतदाब, ज्याला व्यवहारात सर्व जण व्होल्टेज म्हणतात, तो म्हणजे वीज पुढे ढकलणारा जोर. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर जास्त, अशी त्याची ढोबळ कल्पना करता येते. लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल किंवा मँगनीज यांसारख्या धातूंचे ऑक्साइड असते, आणि चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, तर वापरताना तेथून निघून परत ऑक्साइडमध्ये येतात. कोणत्या बाजूला किती आयन उरले आहेत, यावर दोन टोकांमधील दाब ठरतो. म्हणून टाकी उतरत जावी तसा तो हळूहळू उतरतो आणि ४.२ व्होल्टवर भरलेला सेल ३ व्होल्टच्या आसपास रिकामा समजला जातो. सेलवर छापलेला ३.६ किंवा ३.७ हा आकडा या प्रवासातील सरासरी मुक्काम आहे. सोनी कंपनीने १९९१ मध्ये असे सेल प्रथम बाजारात आणले, आणि ज्यांच्या संशोधनावर ते उभे राहिले त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुडइनफ यांच्याच टेक्सास विद्यापीठातील प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटवरील मूळ शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. या रसायनाचा सेल ३.६५ व्होल्टवर भरतो, परंतु भरल्यानंतर थोड्याच वेळात ३.३ च्या खाली येऊन मग बराच काळ ३.२ च्या आसपास जवळपास सपाट चालतो आणि अगदी शेवटी एकदम कोसळतो. दाबाचा आलेख सपाट असणे म्हणजे निम्मे नियमन रसायनानेच फुकटात करून देणे होय, आणि पुढे येणाऱ्या सर्व मंडलांचा, म्हणजे सर्किटांचा, विचार करण्यापूर्वी हा साधा पर्याय ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

फवारणी पंपाच्या बाबतीत तो विशेष उपयोगी ठरतो. दुकानात ‘बारा बाय आठ’ म्हणून मागितली जाणारी, म्हणजे बारा व्होल्ट आणि आठ अँपिअर-तासांची, बॅटरी पंपाच्या टाकीखाली बसवलेली असते; तिच्यावर एक लहान मोटर पडदा असलेला पंप चालवते, आणि नळीची मूठ सोडली की दाबाचा स्विच मोटर थांबवतो. अशा मोटरचा वेग तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या जवळपास प्रमाणात असतो. तीन सेलांच्या पॅकवर सकाळी १२.६ व्होल्टवर फिरणारी मोटर पॅक उतरत ९ व्होल्टवर आला की सुमारे तीस टक्के कमी वेगाने फिरते, पाण्याचा दाब घटतो, नोझलमधून निघणारे धुके जाड थेंबांत बदलते आणि ते थेंब पानाला चिकटण्याऐवजी ओघळून खाली पडतात. औषध तेच, माप तेच, पण पहिल्या सरीला बसलेली फवारणी आणि शेवटच्या सरीला बसलेली फवारणी यांत फरक पडतो. पंपाच्या कडेला असलेली वेगाची गोल चकती हा फरक आपोआप भरून काढत नाही. ती मोटरची वीज वेगाने चालू-बंद करून तिचे सरासरी प्रमाण कमी करते, आणि पॅक उतरला की त्या प्रमाणातील दाबही उतरतो. म्हणून मोटर आणि चार्जर यांना चालत असेल तर चार सेलांचा फॉस्फेट पॅक या कामाला अधिक योग्य, कारण तो कामाच्या बहुतेक काळात तेराच्या आसपास टिकून राहतो. झटका मशीनला तर याचीही काळजी नसते, कारण ते आतल्या आत बारा व्होल्टचे हजारो व्होल्टच्या क्षणिक ठोक्यांत रूपांतर करते आणि बाहेरचा थोडा चढउतार पचवते. तेव्हा प्रत्येक उपकरणाला नियमनाची गरज असतेच असे नाही, हे आधी मान्य करावे आणि मगच मंडल विकत घ्यावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लिथियम पॅकच्या आत बसवलेली हिरवी किंवा निळी पट्टी, जिला सगळे ‘बी. एम. एस.’ म्हणतात, ती व्होल्टेज स्थिर ठेवते असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती केवळ राखणदार आहे. एखादा सेल साधारण ४.२५ व्होल्टच्या पुढे जाऊ लागला तर ती चार्जिंग तोडते, फार खाली गेला तर पुरवठा तोडते, तारा एकमेकींना टेकून प्रवाह भलताच वाढला तरी तोडते, आणि काही पट्ट्या सेलांमधील लहानसहान तफावत समान करतात. फाटक उघडे किंवा बंद, एवढेच तिला कळते. फाटक उघडे असताना आतून येणारा दाब १२.६ आहे की ९.५, याच्याशी तिचे देणेघेणे नसते. दाब ठरावीक ठेवण्याचे काम वेगळ्या मंडलाचे आहे आणि त्याला नियामक किंवा रेग्युलेटर म्हणतात.

रेग्युलेटरचा सर्वांत जुना आणि सोपा प्रकार म्हणजे रेखीय रेग्युलेटर, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराच्या डब्यात सापडणारी तीन पायांची ७८०५ ही चकती त्याचा नमुना आहे. अर्धवट मिटलेल्या कॉकसारखे तिचे काम चालते: येणारा दाब कितीही असो, जाणारा पाच व्होल्ट राहील इतका अडथळा ती आत उभा करते आणि उरलेला सर्व दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकते. १२.६ व्होल्टच्या पॅकवरून तिने एका मोबाइलला एक अँपिअर दिला तर पॅकमधून १२.६ वॅट निघतात, मोबाइलला ५ पोहोचतात आणि ७.६ वॅट त्या नखाएवढ्या चकतीत तापतात. कार्यक्षमता चाळीस टक्के! शिवाय तिला पाच व्होल्ट देण्यासाठी आत किमान सातच्या आसपास लागतात, त्यामुळे एकट्या लिथियम सेलवर ती उपयोगाचीच नाही. विजेच्या थांबणाऱ्या-येणाऱ्या पुरवठ्यात मोठ्या मिनतवारीने भरलेल्या बॅटरीचा निम्म्याहून अधिक भाग जाळणारे हे साधन रेडिओसारख्या अगदी कमी प्रवाहाच्या आणि गोंगाट नको असलेल्या कामापुरतेच योग्य समजावे.

त्यापेक्षा शहाणा मार्ग म्हणजे वीज अडवण्याऐवजी तोडून तोडून देणे. याला स्विचिंग पद्धत म्हणतात, आणि दाब उतरवणाऱ्या तिच्या प्रकाराचे नाव बक कन्व्हर्टर असे आहे. त्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लक्षावधी वेळा उघडझाप करतो. त्याच्यापुढे तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, असते आणि शेवटी धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असतो. कॉइलचा स्वभाव कडबाकुट्टीच्या जड चाकासारखा आहे: हातातला दांडा क्षणभर सोडला तरी ते चाक फिरत राहते आणि पात्याला एकसारखी गती मिळते, त्याचप्रमाणे स्विच बंद झाल्यावरही कॉइलमधील प्रवाह एकदम थांबत नाही, शेजारच्या डायोडच्या वाटेने तो वाहतच राहतो. उरलेसुरले हेलकावे कपॅसिटर गिळतो. स्विच एकूण वेळेच्या किती भागात चालू होता, यावर बाहेरचा दाब ठरतो, १२.६ व्होल्टचे ५ करायचे तर तो सुमारे चाळीस टक्के वेळ चालू हवा, आणि पॅक ९ वर आला की सुमारे छप्पन्न टक्के. नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता धरली तर मोबाइलला एक अँपिअर देण्यासाठी भरलेल्या पॅकमधून अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह निघतो. वीज जळत नाही, तिचा दाब कमी होऊन प्रवाह वाढतो. मंडलाच्या साऱ्या खटाटोपाचे सार एवढेच.

पण पॅक उतरला हे स्विचला कळते कसे? मंडलाच्या आत एक अतिशय स्थिर असा लहान संदर्भ-दाब निर्माण केलेला असतो, आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजचा एक ठरावीक अंश दोन रोधांच्या साहाय्याने परत आणून त्याच्याशी सतत ताडून पाहिला जातो. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या एलएम २५९६ या चिपमध्ये हा संदर्भ १.२३ व्होल्टचा असतो आणि स्विच सेकंदाला दीड लाख वेळा चालतो. बाहेरचा दाब किती हे त्या चिपला खरे तर माहीतच नसते. परत आलेला अंश १.२३ पेक्षा कमी दिसला की ती स्विचला अधिक वेळ चालू ठेवते, जास्त दिसला की कमी. चिप बसवलेल्या निळ्या पट्टीवरील पितळी स्क्रू फिरवला की हा अंश बदलतो, आणि म्हणून बाहेरचे व्होल्टेजही. सोनाराचा तराजू ज्याप्रमाणे वजनाचा आकडा न जाणता केवळ दोन पारडी समान करतो, तसाच हा न्याय आहे.

खरी अडचण येते ती राउटर आणि कॅमेऱ्यासारख्या नेमके बारा व्होल्ट मागणाऱ्या उपकरणांपाशी. तीन सेलांचा पॅक १२.६ वरून निघून ९ पर्यंत जातो, म्हणजे प्रवासाच्या सुरुवातीला तो बाराच्या वर असतो आणि बराच काळ बाराच्या खाली. बक कन्व्हर्टर केवळ उतरवू शकतो, आणि उतरवण्यासाठीही त्याला थोडा जादा दाब लागतो. एलएम २५९६ च्या स्विचमध्येच एक व्होल्टच्या आसपास दाब खर्ची पडत असल्याने, स्क्रू बारावर लावलेला असला तरी भरलेल्या पॅकवरून राउटरला साडेअकराच मिळतात आणि पुढे ते घटतच जातात. अनेक राउटर आत स्वतःचा बक कन्व्हर्टर बाळगून असतात, त्यामुळे ते तक्रार न करता चालतातही. कॅमेऱ्याचे मात्र रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद-चालू होणे सुरू होते, आणि दोष कॅमेऱ्यावर ढकलला जातो.

अशा ठिकाणी दाब चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर किंवा चढ-उतार दोन्ही करणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लागतो. कमी दाबातून जास्त दाब कसा निघतो, हे लांब पाइपलाइन असलेल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही: वाहत्या पाण्याचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाइपला जो धक्का बसतो आणि कमजोर सांधा फुटतो, तो दाब विहिरीवरच्या पंपाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण वाहत्या पाण्याचा वेग क्षणात दाबात बदलतो. बूस्ट कन्व्हर्टर कॉइलमधून प्रवाह वाहू देतो, वाट एकदम बंद करतो, उसळलेला दाब डायोडमधून कपॅसिटरमध्ये पकडतो आणि हेच लक्षावधी वेळा करतो.

या चढाचे मोल मात्र प्रवाहात द्यावे लागते, आणि नवख्या कारागिराची चूक बहुधा येथेच होते. राउटरला बारा व्होल्टवर एक अँपिअर हवा, म्हणजे बारा वॅट. नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तर सेलकडून १३.३ वॅट घ्यावे लागतात. बॅकअपच्या लहान डब्यात एकच सेल, किंवा शेजारी शेजारी जोडलेले दोन-तीन सेल असतील, तर ४.२ व्होल्टवर हा प्रवाह ३.२ अँपिअर असतो, पण ३ व्होल्टवर तो ४.४ अँपिअर होतो. उपकरणाची मागणी ठाम असल्याने बॅटरी थकत जाते तसा तिच्यावरचा बोजा वाढतो. म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर संध्याकाळी जास्तीचे ओझे द्यावे तसला हा प्रकार आहे. वाढलेल्या प्रवाहामुळे सेलच्या आतील रोधात आणि बारीक तारांत आणखी दाब खर्च होतो, त्यामुळे कन्व्हर्टर आणखी प्रवाह मागतो, आणि सेलमध्ये अजून वीज शिल्लक असतानाच राखणदार पट्टी फाटक बंद करते. उपाय दोन: सेल ते कन्व्हर्टर ही तार आखूड आणि जाड ठेवणे, आणि शक्य असेल तेथे एका सेलवरून चढवण्याऐवजी चार सेलांवरून, म्हणजे १६.८ ते १२ व्होल्टच्या पॅकवरून, उतरवणे. विजेच्या दुचाकींतही उतरवण्याचाच मार्ग असतो. चौदा सेल ओळीने जोडलेल्या सुमारे पन्नास व्होल्टच्या पॅकवरून हॉर्न आणि दिव्यांसाठी बारा व्होल्ट वेगळे काढले जातात. अशा दुचाकी तयार करणारा एथर कंपनीचा प्रकल्प याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ऑरिक औद्योगिक नगरीत उभारण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली आहे, तेव्हा ही विद्या जिल्ह्याला आता परकी राहिलेली नाही.

एलईडी दिव्याचा मामला निराळा आहे. त्याला ठरावीक व्होल्टेजपेक्षा ठरावीक प्रवाह हवा असतो, कारण दाब किंचित वाढला तरी त्यातील प्रवाह झपाट्याने वाढतो. म्हणून रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्याच्या टॉर्चमध्ये व्होल्टेजचे नव्हे, प्रवाहाचे नियमन करणारे मंडल हवे.

पॅकमधून वीज काढण्याइतकीच, किंबहुना अधिक शिस्त ती भरताना पाळावी लागते. लिथियम-आयन सेल प्रथम ठरावीक प्रवाहाने आणि ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर ठरावीक दाबाने भरला जातो, आणि या ४.२ मध्ये एखाद्या टक्क्याहून अधिक चूक चालत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचा जुना चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तोच तीन सेलांच्या पॅकला लावला तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येऊ पाहतात आणि आगीपासूनचा बचाव एकट्या राखणदार पट्टीवर सोपवला जातो. राखणदार शेवटच्या क्षणासाठी असतो, रोजच्या कामासाठी नव्हे. सौर पॅनेल सरळ पॅकला जोडणे हा त्याच चुकीचा थोरला भाऊ आहे. पॅनेल आणि पॅक यांच्यामध्ये त्या पॅकच्या रसायनासाठीच केलेला चार्ज कंट्रोलर असलाच पाहिजे, आणि सेल घेताना त्यावर आय. एस. १६०४६ या भारतीय मानकाची नोंद आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट फवारणीचा हंगाम संपल्यानंतरची. रेग्युलेटरची चिप काही काम नसतानाही स्वतःपुरती थोडी वीज खाते. एलएम २५९६ साठी ती सुमारे ५ मिलिअँपिअर असते. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु आठ अँपिअर-तासांचा भरलेला पॅक एवढ्याने ६६ दिवसांत रिकामा होतो, आणि दिवाळीनंतर शेतातल्या खोलीत ठेवलेला पंप पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याहून कितीतरी जास्त दिवस पडून असतो. राखणदार पट्टीने पुरवठा तोडला तरी तिची स्वतःची थोडी भूक चालूच राहते. सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. म्हणून हंगाम संपला की पॅक अर्धा भरून, प्रत्येक सेल ३.७-३.८ व्होल्टवर असताना, मंडलापासून सोडवून ठेवावा. आणि नव्या हंगामात राउटरसाठी किंवा कॅमेऱ्यासाठी कन्व्हर्टरची निळी पट्टी आणली, तर दुकानातून येताना तिचा स्क्रू कोणत्या आकड्यावर आहे याचा काही भरवसा नसतो. आधी एकटा पॅक जोडावा, मल्टिमीटर वीस व्होल्टच्या खुणेवर ठेवून बाहेरच्या दोन टोकांना लावावा, आणि हवा तो आकडा डोळ्यांनी दिसेपर्यंत उपकरणाची पिन त्यात घालू नये.